नोकरी आणि घर शोधत बेंगळुरूला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातून बेंगळुरूला राहायला जाणाऱ्यांच्या मनात येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पुण्या-मुंबईत भाड्याने राहिलेला माणूस तिथलेच ठोकताळे घेऊन बेंगळुरूला जातो, आणि नेमका तिथेच चुकतो. अनामतीचा रिवाज वेगळा, करार वेगळा, पाण्याची तऱ्हा वेगळी. उत्तरं कुठून वाचली तरी एक गोष्ट पक्की धरा: कामाचं ठिकाण ठरेपर्यंत मोठी अनामत कोणाच्याही हातात ठेवायची नाही.

आधी नोकरी बघायची की आधी घर?

आधी नोकरी. तोवर पीजीत (पेइंग गेस्ट म्हणून) किंवा ओळखीच्यांकडे राहायचं आणि घर सगळ्यात शेवटी घ्यायचं. बेंगळुरूत अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही, ते वेळेत मोजावं लागतं. हेब्बाळला घर घेतलं आणि नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत लागली, तर रोज शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सिल्क बोर्ड चौकाच्या गर्दीतून जावं लागेल. दोन महिन्यांत घर बदलायची वेळ येते. मग करारातला लॉक-इन, म्हणजे ठरावीक महिने घर न सोडण्याची अट, आड येतो, दलाली दुसऱ्यांदा द्यावी लागते आणि अनामतीतून रंगाचे पैसे कापले जातात.

कुटुंब असेल तर एकाने पुढे जावं. नोकरी सुरू झाली की त्याच भागात दोन-तीन शनिवार-रविवार घरं बघावीत आणि मग बाकीच्यांना बोलवावं.

नोकरी हातात नसताना जाऊ का?

क्षेत्रावर अवलंबून आहे. आयटी, बँकिंग किंवा कार्यालयीन कामाच्या मुलाखतींच्या पहिल्या फेऱ्या बहुतेक ठिकाणी ऑनलाइनच होतात. त्यासाठी तिकडे राहायची गरज नाही. शेवटच्या फेरीला पुण्याहून रात्रीच्या बसने किंवा उद्यान एक्सप्रेसने जाऊन येता येतं.

कारखान्यातलं काम, हॉटेल, दुकान, रुग्णालय, गोदाम अशा कामांसाठी मात्र समोर उभं राहावं लागतं. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्यांनी पीण्या, बोम्मसंद्र-जिगणी आणि बिडदी या औद्योगिक पट्ट्यांचा विचार करावा. सगळ्यांचं लक्ष आयटीच्या व्हाइटफील्डकडे असतं, पण सीएनसी, टूल रूम, फॅब्रिकेशन, क्वालिटी ही कामं या पट्ट्यांत आहेत आणि भाडीही तुलनेने कमी आहेत.

नोकरी नसताना गेलात तर मुदत आधीच ठरवा, म्हणजे तीन महिने आणि तेवढ्यापुरते पैसे. आठव्या-नवव्या आठवड्यापर्यंत एकही मुलाखत दुसऱ्या फेरीपर्यंत गेली नसेल, तर अडचण बहुधा बायोडेटात किंवा निवडलेल्या क्षेत्रात असते. तिथे राहत राहिल्याने ती सुटत नाही.

सोबत किती पैसे हवेत?

२५,००० रुपये भाड्याच्या दोन खोल्या-स्वयंपाकघराचं उदाहरण घ्या. सहा महिन्यांची अनामत १,५०,०००. दलालामार्फत घेतलं तर एका महिन्याची दलाली २५,०००. पहिलं भाडं २५,०००. मेंटेनन्स ३,०००. सामानाच्या वाहतुकीचे साधारण २५,००० आणि त्याआधी महिनाभर पीजीचे १२,००० धरा. बेरीज होते २,४०,०००. यात गिझर, पंखे, पडदे, पाण्याचा फिल्टर धरलेला नाही, आणि बेंगळुरूत पुष्कळ घरं पंखे-दिव्यांशिवाय मिळतात.

पगार पहिल्या महिन्याच्या अखेरीस येतो. महिन्याच्या विसाव्या तारखेनंतर रुजू झालात, तर काही कंपन्या तो पुढच्या महिन्याच्या पगारात जोडून देतात. म्हणून वरच्या रकमेशिवाय दीड महिन्याचा घरखर्च बाजूला हवा.

कंपनी स्थलांतर भत्ता देत असेल तर ऑफर लेटर नीट वाचा. तो आधी मिळणार की बिलं दिल्यावर? आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर परत द्यावा लागणार का? ही परतफेडीची अट बहुतेक पत्रांत असतेच.

पीजी कसं निवडायचं?

एक महिन्याच्या अनामतीहून जास्त मागत असतील तर पुढचं बघा. सोडताना किती दिवसांची नोटीस द्यायची आणि मेंटेनन्सच्या नावाखाली किती कापणार, या दोन गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. तोंडी ‘काही नाही कापत’ म्हणणारे निघताना दोन-तीन हजार कापतात. जेवणाच्या वेळी जा आणि त्या दिवशीचं जेवण बघा. खोली दाखवतात त्या वेळी शेजारच्या खोलीतल्या मुलाला किंवा मुलीला एकच प्रश्न विचारा: सकाळी आठ वाजता पाणी असतं का?

कोणत्या भागात राहावं?

कामाचं ठिकाण कळल्याशिवाय याला उत्तर नाही. ते कळल्यावर मेट्रोचा नकाशा समोर घ्या. जांभळी मार्गिका व्हाइटफील्डपासून मॅजेस्टिकमार्गे चल्लघट्टपर्यंत जाते. हिरवी मादावरपासून सिल्क इन्स्टिट्यूटपर्यंत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली पिवळी मार्गिका आर. व्ही. रोडपासून इलेक्ट्रॉनिक सिटीमार्गे बोम्मसंद्रपर्यंत जाते. काम व्हाइटफील्डला असेल, तर शेजारच्या गर्दीत महागडं घर घेण्यापेक्षा जांभळ्या मार्गिकेवर इंदिरानगरच्या पलीकडे, विजयनगरच्या बाजूला जुन्या वस्तीत राहून मेट्रोने जाणं पुष्कळांना परवडतं. तिथे भाजी मंडई, दवाखाना, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असतात.

घर ठरवण्याआधी तिथून कामाच्या ठिकाणी मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी नऊला एकदा जाऊन बघा. रविवारी दुपारी वीस मिनिटांत झालेला प्रवास फसवा असतो.

बायोडेटावर महाराष्ट्रातला पत्ता असेल तर बोलावत नाहीत का?

काही ठिकाणी चाळणीत गाळतात, कारण भरती करणाऱ्याने शोध घेताना शहर बेंगळुरू असं निवडलेलं असतं. खोटा पत्ता देऊ नका. नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइनवर ‘पसंतीचं ठिकाण’ बेंगळुरू ठेवा आणि बायोडेटाच्या पहिल्या ओळीत लिहा: ‘बेंगळुरूला स्थलांतर करत आहे, अमुक तारखेपासून उपलब्ध.’ तारीख लिहिल्याने फरक पडतो. नुसतं ‘स्थलांतराची तयारी आहे’ असं सगळेच लिहितात.

नोकरी देतो म्हणून पैसे मागितले तर?

देऊ नका, रक्कम कितीही छोटी असो. नोंदणी शुल्क, लॅपटॉपची अनामत, प्रशिक्षणाचे पैसे, ‘मागच्या दाराने’ कंपनीत घुसवण्याचे पैसे, यांतला एकही प्रकार खरा नसतो. ऑफर लेटर आलं तर ईमेलचा पत्ता अक्षर न अक्षर वाचा. कंपनीच्या नावाला एखादं अक्षर किंवा ‘करिअर्स’ असा शब्द जोडून बनावट पत्ते केलेले असतात. कंपनीच्या संकेतस्थळावरच्या क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करा, पत्रातल्या क्रमांकावर नव्हे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जितकी लवकर कराल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

जुनी नोकरी सोडताना कोणते कागद घ्यायचेच?

रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, फॉर्म १६ आणि अंतिम हिशेबाचा कागद. पीएफचा यूएएन क्रमांक तोच राहतो, नवा काढू नका. नव्या कंपनीने चुकून दुसरा काढला तर दोन्ही जोडून घेण्यात वेळ जातो. जुन्या कंपनीने ईपीएफओच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का, हे महिना-दोन महिन्यांनी तपासा. ती तारीख नसली की पीएफचं हस्तांतर अडकतं.

पार्श्वभूमी पडताळणीत मूळ गावच्या पत्त्यावरही माणूस येऊ शकतो. घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर ‘तो इथे राहत नाही’ एवढंच उत्तर मिळतं आणि शेरा उलटा पडतो.

बेंगळुरूत दहा महिन्यांची अनामत मागतात, हे खरं आहे का?

दहा महिन्यांचा जुना रिवाज आहे आणि काही घरमालक अजून तेवढी मागतात. आता पाच-सहा महिन्यांवर बरेच सौदे होतात. अनामतीला तिथे ‘अडव्हान्स’ म्हणतात, त्यामुळे ‘अडव्हान्स किती’ या प्रश्नाचा अर्थ आगाऊ भाडं असा घेऊ नका. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी कमाल दोन महिन्यांची अनामत सांगितली आहे, पण तो राज्यांसाठीचा नमुना आहे. त्याचा हवाला देऊन घरमालक ऐकेल अशी अपेक्षा ठेवू नका.

घासाघीस करायची तर भाड्यापेक्षा अडव्हान्सवर करा. भाडं हजार-दोन हजारांनी कमी करायला मालक तयार नसतो, पण घर महिनाभर रिकामं असेल तर अडव्हान्स दोन महिन्यांनी उतरतो.

‘लीज’वर घर म्हणजे काय? स्वस्त वाटतं.

बेंगळुरूत ‘लीज’ शब्दाचा वेगळा अर्थ आहे. एकरकमी मोठी रक्कम, म्हणजे दहा, पंधरा, वीस लाख दोन-तीन वर्षांसाठी मालकाकडे ठेवायची, महिन्याचं भाडं द्यायचं नाही, आणि मुदत संपल्यावर ती बिनव्याजी परत घ्यायची. कागदावर फायद्याचं दिसतं. नव्याने आलेल्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये.

धोका दोन ठिकाणी आहे. पहिला, घरावर बँकेचं कर्ज असतं आणि मालक हप्ते थकवतो. बँक जप्तीला येते तेव्हा भाडेकरूच्या वीस लाखांना कोणी विचारत नाही. दुसरा, मध्ये एखादी कंपनी असते. ती मालकाकडून घर महिन्याच्या भाड्याने घेते, तुमच्याकडून लीजची रक्कम घेते, आणि काही महिन्यांनी मालकाला भाडं देणं बंद करते. तुमचे पैसे कंपनीकडे, आणि दारात मालक उभा. मालकाची सही नसलेला लीजचा करार म्हणजे बिनकामाचा कागद.

करार नोंदणीकृत असतो का?

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी घरमालकावर आहे. त्यामुळे आपल्याला बोटाचा ठसा देऊन नोंदवलेल्या कराराची सवय असते. बेंगळुरूत बहुतेक ठिकाणी ११ महिन्यांचा करार ई-स्टँप पेपरवर छापून दोघांच्या सह्या होतात, फार तर नोटरी होते, आणि काम संपतं. वर्षाहून कमी मुदतीच्या करारावर नोंदणीची सक्ती नसल्याने हा मार्ग रुळला आहे.

अडचण नंतर येते. आधारवरचा पत्ता बदलताना किंवा बँकेत हा कागद पुरत नाही असं सांगितलं जातं. कुटुंबासह जाणार असाल आणि पत्ता बदलायचाच असेल, तर करार नोंदवून देणार का, हे टोकन देण्याआधी विचारा. कर्नाटकात नोंदणीचं काम कावेरी २.० या पोर्टलवरून सुरू होतं. खर्च मी करतो म्हणालात तर पुष्कळ मालक तयार होतात.

करारात या गोष्टी आकड्यांसह हव्यात: अडव्हान्सची रक्कम आणि ती कोणत्या व्यवहाराने दिली, दोन्ही बाजूंची नोटीस किती दिवसांची, लॉक-इन किती महिन्यांचा, दरवर्षी भाडेवाढ किती टक्के, रंगाचे पैसे किती, आणि अडव्हान्स किल्ली परत देण्याच्या दिवशीच मिळेल असं स्पष्ट वाक्य. ‘घर सोडल्यानंतर परत केला जाईल’ असं मोघम वाक्य असेल तर तारीख घालून घ्या.

घर बघायला गेल्यावर काय तपासायचं?

सगळ्यात आधी पाणी. ‘कावेरी वॉटर आहे का’ असा प्रश्न बेंगळुरूत पहिला विचारतात. जलमंडळाची जोडणी (हेच कावेरीचं पाणी), बोअरवेल आणि टँकर या तीन वाटांनी पाणी येतं, आणि काही इमारतींत तिन्ही एकाच टाकीत मिसळतात. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअरवेल आटल्या तेव्हा नव्या, उंच इमारतींच्या वसाहती टँकरवर आल्या होत्या. तेव्हा सरळ विचारा: जोडणी आहे का, आठवड्यातून किती दिवस येतं, टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये की वेगळे? उत्तरावर भागवू नका, न्हाणीघरात जा. नळाच्या तोंडाशी आणि शॉवरच्या भोकांवर पांढरा खरखरीत थर दिसला की पाणी जड आहे. नखाने खरवडून बघा, खडूसारखा निघतो. अशा पाण्यात गिझरचं कॉइल लवकर जातं, कपडे पिवळट होतात आणि फिल्टरचे भाग वर्षातून दोनदा बदलावे लागतात. तो खर्च भाड्यात मिळवून मगच दोन घरांची तुलना करा.

दुसरी गोष्ट पावसाचं पाणी. तळमजला असेल तर कपाटाचा खालचा कप्पा उघडून बघा. प्लायवूड फुगलेलं असेल, भिंतीवर गुडघ्याखाली सरळ आडवी रेघ दिसत असेल किंवा फक्त तेवढाच भाग नव्याने रंगवलेला असेल, तर तिथे पाणी शिरलेलं आहे. बेळ्ळंदूर आणि महादेवपुराच्या बाजूच्या काही वसाहती २०२२ च्या पावसात पाण्याखाली गेल्या होत्या, त्यामुळे तलावाजवळच्या आणि राजकालुव्यालगतच्या घरांबाबत जास्त काळजी घ्या. राजकालुवे म्हणजे तिथले मोठे ओढे-नाले.

तिसरी वीज. मीटर स्वतंत्र आहे की सामाईक? सामाईक मीटरवर मालक मनाच्या दराने पैसे घेतो. मीटरवरचा आकडा पहिल्या दिवशी फोटोत टिपा.

मग हवा-उजेड. दोन इमारतींच्या मध्ये हात बाहेर काढला तर समोरच्या भिंतीला लागेल इतकं कमी अंतर असलेली घरं भरपूर आहेत. दुपारी बाराला दिवे बंद करून खोलीत उभं राहा.

आणि एक अप्रिय गोष्ट आधीच माहीत असू द्या. एकट्या मुला-मुलींना, मांसाहार करणाऱ्यांना किंवा विशिष्ट समाजाच्या लोकांना घर नाकारणारे मालक तिथेही आहेत. लपवून राहण्यापेक्षा पहिल्याच फोनवर विचारा, तुमचा दिवस वाचेल.

महाराष्ट्रात बसून फोटो बघून टोकन पाठवलं तर चालेल का?

चालणार नाही. ‘मी सैन्यात आहे, बदली झाली, घर बघायला गेट पास लागेल, त्यासाठी पैसे भरा, परत मिळतील’ असे संदेश ठरलेल्या साच्याचे असतात. फोटो दुसऱ्याच्या घराचे आणि भाडं बाजारापेक्षा चार-पाच हजारांनी कमी, ही त्यांची खूण. टोकन घर डोळ्यांनी बघितल्यावरच द्या, ते पाच-दहा हजारांपेक्षा जास्त नको, आणि ‘सौदा न झाल्यास परत’ हे लिहून घ्या.

समोरचा खरंच मालक आहे का, हे तपासायला बेस्कॉमचं वीज बिल आणि मालमत्ता कराची पावती मागा. दोन्हींवरचं नाव करारातल्या नावाशी आणि ज्या खात्यात पैसे जाणार त्या खात्याच्या नावाशी जुळलं पाहिजे. मालक परदेशात असून भाऊ किंवा मॅनेजर करार करत असेल तर मुखत्यारपत्राची प्रत घ्या.

वीज आणि गॅसचं काय करायचं?

कर्नाटकात गृहज्योती योजनेत घरगुती वापराला महिन्याला २०० युनिटपर्यंत, मागच्या सरासरी वापरावर आधारलेल्या मर्यादेत, वीज बिल माफ होतं. भाडेकरूंनाही ते मिळतं. सेवा सिंधू पोर्टलवर आधार आणि बिलावरचा ग्राहक क्रमांक जोडावा लागतो. आधीच्या भाडेकरूने आपलं आधार काढून घेतलं नसेल तर तुमचं जोडलं जात नाही, म्हणून किल्ली घेतानाच ते विचारा. तुम्ही घर सोडाल तेव्हा तुमचंही काढा.

गॅससाठी जुन्या एजन्सीकडे सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून हस्तांतराचं व्हाउचर घ्या आणि ते नव्या एजन्सीत द्या. मूळ अनामतीची पावती जपून ठेवा. मधल्या दिवसांसाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही.

अडव्हान्स परत मिळण्यात काय अडतं?

बहुतेक वाद रंग आणि साफसफाईवरून होतात. एका महिन्याचं भाडं रंगासाठी कापायचा रिवाज तिथे इतका मुरला आहे की सहा महिन्यांत घर सोडलं तरी कापतात. करारात ‘रंगाचा प्रत्यक्ष खर्च, कमाल अमुक रुपये’ असं लिहून घ्या. राहायला जाण्याच्या दिवशी, सामान आत येण्याआधी, प्रत्येक खोलीचा, नळाचा, कपाटाच्या दाराचा, फरशीच्या तड्यांचा व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲप करा. स्वतःच्या फोनमध्ये पडून राहिलेल्या व्हिडिओवर ‘तेव्हाचा नाहीच’ असं म्हणता येतं. मालकाला पाठवलेल्यावर तारीख असते.

नोटीस लेखी द्या. शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं अडव्हान्समधून वळतं करायला मालक तयार असेल तर ते सगळ्यात सुरक्षित, मात्र त्याची लेखी संमती हवी. परस्पर भाडं थांबवलंत तर करार तुम्ही मोडल्यासारखं होतं.

पैसे अडकलेच तर वकिलामार्फत नोटीस आणि मग दिवाणी दावा हा मार्ग आहे. कर्नाटकचा १९९९ चा भाडे कायदा बेंगळुरूत महिना ३,५०० रुपयांहून जास्त भाड्याच्या घरांना लागू नाही, त्यामुळे तुमचा आधार म्हणजे तुमचा करार आणि बँकेचे व्यवहार. रोख अडव्हान्स देऊ नका, असं सांगण्यामागचं कारण हेच.

सामान कसं न्यायचं?

पुण्याहून रस्त्याने साधारण ८४० किलोमीटर आहे. साताऱ्यावरून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगिरी, तुमकूर असा सरळ महामार्ग. संपूर्ण टेंपो केला तर सामान दोन दिवसांत पोचतं. वाटून घेतलेल्या ट्रकमध्ये स्वस्त पडतं, पण आठवडाही लागतो आणि वाटेत चढ-उतार होऊन मोडतोड जास्त होते.

सर्वांत स्वस्त दर देणाऱ्यापासून जपा. अर्ध्या वाटेवर ट्रक थांबवून ‘सामान जास्त निघालं’ म्हणत दुप्पट पैसे मागण्याचे प्रकार होतात. सामानाची यादी नग मोजून करा, दर त्या यादीवर लिहून घ्या, बिल्टीवर (वाहतुकीच्या पावतीवर) ट्रकचा क्रमांक घ्या आणि निम्मी रक्कम सामान उतरल्यावर द्या. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. त्या नावाखाली पैसे मागितले तर देऊ नका. विमा म्हणून पैसे घेतले तर पॉलिसीची प्रत मागा.

जुनी लाकडी कपाटं, मोठा पलंग नेऊ नका. बेंगळुरूच्या घरांत भिंतीतली कपाटं बहुधा असतात, आणि जुन्या इमारतींच्या जिन्यात मोठा पलंग वळत नाही.

एमएच पासिंगची गाडी चालते का?

बारा महिन्यांपर्यंत चालते. त्याहून जास्त काळ गाडी तिथे राहणार असेल तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे कर्नाटकात नवा क्रमांक घ्यावा लागतो. आधी आपल्या आरटीओकडून फॉर्म २८ ने ना-हरकत प्रमाणपत्र घ्यायचं. त्यासाठी सगळी चलनं भरलेली, विमा आणि पीयूसी चालू, कर्ज असेल तर बँकेचं पत्र हवं. मग कर्नाटकात गाडीच्या वयाप्रमाणे आजीवन कर भरायचा, आणि नवं आरसी आल्यावर महाराष्ट्राकडे उरलेल्या कराच्या परताव्याचा अर्ज करायचा. कर्नाटकातला कर जास्त आहे आणि परतावा सावकाश येतो, त्यामुळे दोन्ही रकमा काही काळ तुमच्या खिशातून जातात.

गाडी कधी आली याचा पुरावा ठेवा. राज्याच्या हद्दीवरच्या टोलचा फास्टॅगचा उतारा आणि घराचा करार पुरतो. अडवल्यावर ‘सहा महिनेच झाले’ असं नुसतं बोलून भागत नाही. आठ-दहा वर्षं जुनी दुचाकी असेल तर ती विकून तिथे घेणं सोयीचं. ज्यांच्या खासगी कंपनीची चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं आहेत, त्यांनी नवी गाडी घेताना देशभर चालणाऱ्या बीएच क्रमांकाचा विचार करावा.

ड्रायव्हिंग लायसन्स देशभर चालतं.

मुलांची शाळा?

शाळा सोडल्याचा दाखला घेताना त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या, राज्य बदलताना ती मागतात. यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवरचा मुलाचा पेन क्रमांक लिहून घ्या, आणि जुन्या शाळेला त्याचं नाव तिथल्या ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकायला सांगा. ते झालं नाही तर नव्या शाळेला ऑनलाइन नोंद करता येत नाही, आणि मग तुम्ही दोन शाळांमध्ये फोन करत बसता. कर्नाटकात शाळांमध्ये कन्नड शिकवण्याबाबत २०१५ चा कायदा आहे. लहान मुलं वर्षभरात सांभाळून घेतात, आठवी-नववीतल्यांना शिकवणी लावावी लागते.

मूल दहावीच्या आसपास असेल तर हे लक्ष देऊन वाचा. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशांत राज्याच्या कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असण्याची अट बहुतेकांना लागते. कर्नाटकात सर्वसाधारणपणे सात वर्षांचं शिक्षण त्या राज्यात झालेलं हवं. दहावीनंतर बेंगळुरूला नेलेलं मूल दोन्हीकडच्या कोट्याबाहेर राहू शकतं. अशा वेळी दोन वर्षं कुटुंब मागे ठेवणं हा कष्टाचा, पण पुष्कळदा योग्य निर्णय ठरतो. चालू वर्षाची प्रवेशपुस्तिका वाचूनच ठरवा.

आधार, मतदार यादी, रेशन, जातीचा दाखला?

आधारवरचा पत्ता बदलण्याची घाई करू नका. महाराष्ट्र शासनाच्या रहिवासावर आधारलेल्या योजनांचा लाभ घरात कोणी घेत असेल तर त्यावर परिणाम होतो. सहा महिने स्थिर झाल्यावर बदला. मोबाइल क्रमांक तोच ठेवा, बँक आणि आधारचे ओटीपी त्यावर येतात.

मतदार नोंदणी हलवायला फॉर्म ८ आहे. नवीन मतदाराचा फॉर्म ६ भरला तर दोन ठिकाणी नाव लागतं, आणि तो गुन्हा आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षेच्या रेशनकार्डावर कोणत्याही राज्यातल्या दुकानात अंगठा देऊन धान्य मिळतं. घरचे गावी आपला वाटा घेऊ शकतात, तुम्ही बेंगळुरूत तुमचा.

जातीच्या दाखल्याबाबत गैरसमज फार आहे. आरक्षणाची यादी राज्यानुसार असते. नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेल्यावर महाराष्ट्रातल्या दाखल्यावर कर्नाटक राज्याच्या नोकऱ्यांत आणि प्रवेशांत आरक्षण मिळत नाही, जात दोन्ही याद्यांत असली तरी. केंद्र सरकारच्या भरतीत मात्र तुमचं आरक्षण तसंच राहतं, ओबीसी असाल तर केंद्रीय यादीत जात असली पाहिजे.

घरमालक परदेशात राहतो. काही वेगळं करावं लागतं?

हो, आणि हे पुष्कळांना उशिरा कळतं. मालक अनिवासी भारतीय असेल तर भाडं कितीही असो, साधारण ३० टक्के आणि त्यावर उपकर इतका कर कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी भाडेकरूची आहे. बेंगळुरूत असे मालक खूप आहेत. करार करण्याआधी सीएला विचारा, नाहीतर नोटीस तुमच्या नावाने येते. मालक भारतात असेल आणि भाडं महिना ५०,००० च्या वर असेल तर २ टक्के कापावे लागतात. घरभाडे भत्त्याची सूट जुन्या करपद्धतीतच मिळते, आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की मालकाचा पॅन द्यावा लागतो.

कन्नड येत नाही. अडेल का?

कार्यालयात अडणार नाही. घर शोधताना, भाजी घेताना, रिक्षात बसताना, पोलीस ठाण्यात गेल्यावर चार वाक्यांनी खूप फरक पडतो. ‘बाडिगे एष्टु?’ म्हणजे भाडं किती. ‘कावेरी नीरु बरुत्ता?’ म्हणजे कावेरीचं पाणी येतं का. ‘स्वल्प कम्मि माडि’ म्हणजे थोडं कमी करा. ‘नंगे कन्नड स्वल्प स्वल्प गोत्तु’ म्हणजे मला कन्नड थोडं थोडं येतं. सुरुवात कन्नडने करून मग हिंदी-इंग्रजीवर गेलात तर समोरचा माणूस स्वतःहून मदत करतो. मराठी माणसाला हे जड जाऊ नये: अण्णा, अक्का तिथेही आहेत, तुपाला तुप्प म्हणतात, आणि भाकरी ‘जोळद रोट्टी’ नावाने उत्तर कर्नाटकच्या खानावळीत शेंगदाण्याच्या चटणीसकट मिळते.

जुन्या वस्त्यांतली चांगली घरं ऑनलाइन येतच नाहीत, फाटकावर ‘टू-लेट’ची पाटी लागते. संध्याकाळी पाच ते सात गल्ल्यांतून चालत जा आणि किराणा दुकानदाराला विचारा. दलाली वाचते, आणि मालक बहुधा वरच्याच मजल्यावर राहत असल्याने घर कोणाचं आहे हेही लगेच कळतं.